डॅशबोर्डची पाठ

गणपती आधी काढला. अंगठ्याएवढी ती पितळी मूर्ती डॅशबोर्डच्या मधोमध सत्तावीस वर्षं बसली होती. तिच्याखालचा चिकटपट्टीचा गोल तुकडा नखाने सोलला, तेव्हा खालचं प्लास्टिक काळंभोर निघालं. भोवतालचा सारा पृष्ठभाग उन्हाने राखाडी पडलेला, खडू पुसलेल्या फळ्यासारखा. रुपयाएवढी ती एकच जागा गाडी दारात आली त्या दिवसाच्या रंगाची राहिली होती. कामाला हात घालण्याआधी मी त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत बसले.

गाडी मारुती ८००, १९९६ सालची. कार्बोरेटरची, म्हणजे थंडीत चोक ओढून सुरू करावी लागणारी. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते या गाडीची पहिली चावी दिली गेली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत ती अनेक घरांची पहिली गाडी झाली, तशी आमच्याही घराची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन अजून ठणठणीत आहे. थकला होता तो डॅशबोर्ड. काचेच्या कडेपासून मीटरपर्यंत दोन तडे गेले होते, टेप बसवताना कुणीतरी करवतीने खिडकी वाढवून ठेवली होती, आणि गतिरोधक आला की सगळं खुळखुळत असे. गॅरेजमध्ये दिली असती तर दोन दिवसांत काम झालं असतं. पण मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, दहावीच्या मुलांकडून रसग्रहणं लिहून घेतली आहेत. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मथळे मुलं पाठ करून येत, आणि मी त्यांना सांगत असे की कवितेचा अर्थ सांगायची घाई करू नका, आधी ती कशी बांधली आहे ते बघा. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर होती तिची बांधणी मी कधी पाहिलेली नव्हती. ती दुसऱ्या कुणी माझ्या पाठीमागे उलगडावी, हे मला नको होतं.

डॅशबोर्ड या शब्दापासूनच सुरुवात करायला हवी. घोडागाडीच्या पुढच्या अंगाला, हाकणाऱ्याच्या पायांसमोर, लाकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये एवढंच तिचं काम. चिखल अडवणारी फळी, म्हणून हे नाव. घोडा गेला तरी फळी राहिली. १९०१ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलची जी छोटी मोटार निघाली तिचं नावच पुढच्या वळणदार फळीवरून पडलं होतं, ‘कर्व्ह्ड डॅश’. पुढे इंजिन समोर आलं, उष्णता आणि तेल अडवायला तीच फळी उपयोगी पडली, मग तिच्यावर एकेक घड्याळ चढत गेलं. आता माझ्या गाडीचं प्लास्टिक बोटाने चाचपून पाहा. त्यावर बारीक सुरकुत्या आहेत, चामड्याच्या. ओतकामाच्या पोलादी साच्यावर रसायनाने कोरून ही नक्षी उठवतात. तिच्यामुळे बारीक ओरखडे झाकतात आणि उन्हाची तिरीप डोळ्यांत येत नाही. कारणं व्यवहाराचीच आहेत. तरीही निवडताना चामड्याचीच नक्षी निवडली गेली. टांग्याच्या फळीची आठवण शब्दाने जपली आणि पृष्ठभागानेही जपली. शब्द आणि वस्तू दोघांनी मिळून एक जुनी गोष्ट इतकी वर्षं सांभाळावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा डॅशबोर्ड कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणला. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात फियाट आणि नंतर पद्मिनी तयार होत. त्या जुन्या फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता, वाजवला तर टणत्कार देणारा. देखणा खरा, पण कठोर. अमेरिकेत डेट्रॉइटला क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. मोटार अपघातांत फाटलेले चेहरे शिवता शिवता ते १९३०च्या दशकात मोटार कंपन्यांच्या मागे लागले, की समोरची फळी मऊ करा, बाहेर आलेली बटणं आत घ्या. समोरची फळी ही आपल्या चेहऱ्यावर परिणाम करणारी गोष्ट आहे, हे त्यांनी शब्दशः पाहिलं होतं. मी तो धागा इथेच सोडते, पण डॅशबोर्डकडे पाहताना त्यांची आठवण ठेवावी असं वाटतं.

बाजारात ढिगातून तो डॅशबोर्ड मी उचलला आणि सवयीने उलटा केला. पुस्तक घेतानाही मी आधी मलपृष्ठ बघते. समोरची बाजू बघ्यांसाठी असते. तिच्यावर सगळं गुळगुळीत, सांधे झाकलेले, एकही खूण नाही. पाठीवर मात्र बनवणाऱ्याच्या हातची सगळी लिपी होती. आडव्याउभ्या फासळ्यांचं जाळं. जागोजागी बोराएवढे गोल ठसे. गरम माल साच्यातून ढकलताना पोलादी खिळे जिथे टेकले, त्यांच्या त्या खुणा. आणि एका कोपऱ्यात घड्याळाच्या तबकडीसारखं वर्तुळ, भोवती एक ते बारा आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन्ही अंगांना सालाचे दोन आकडे. बाण आठवर होता, साल ९४. ऑगस्ट १९९४मध्ये ओतलेला तुकडा. म्हणजे वयाने माझ्या गाडीहून दोन वर्षांनी मोठा, पण सावलीत राहिलेला. उघड्यावर उन्हात तास-दोन तास उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जातो. रोज तापायचं, रोज निवायचं, वरून अतिनील किरणं. प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि एक दिवस तडा दिसतो. या तुकड्याच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

फासळ्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मला सगळ्यात जास्त काही तिथे सापडलं. प्लास्टिकची भिंत पातळ असते. ती वाकू नये म्हणून पाठीमागे फासळी देतात. पण फासळी जाड केली, तर तिथलं प्लास्टिक उशिरा निवतं, आकसतं आणि समोरच्या बाजूला एक खळगा ओढून घेतं. म्हणून फासळीची जाडी भिंतीच्या साधारण निम्मी ठेवतात. आधार द्यायचा, पण समोर त्याचा वळ उठू द्यायचा नाही. डॅशबोर्ड उजेडात तिरका धरला, तेव्हा चामड्याच्या नक्षीखाली अगदी पुसटशी एक रेघ दिसली, बरोबर मागच्या जाड फासळीच्या रेषेत. रचनाकाराने झाकली होती, तरी जाणवली. चांगल्या छंदोबद्ध ओळीत मात्रा अशाच असतात. त्या मोजून बसवलेल्या असतात, वाचताना दिसत नाहीत, आणि कान तिरका केला की ऐकू येतात.

काम डिसेंबरातल्या एका रविवारी काढलं, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. तो सकाळी तासभर येऊन बसला, पण हात लावणार नाही असं त्याच्याकडून मी कबूल करून घेतलं होतं.

“बाई, बॅटरीचं निगेटिव्ह आधी. बाकी सगळं नंतर.”

“अरे, पण पॉझिटिव्ह आधी काढलं तर काय बिघडतं?”

“पाना जरा बॉडीला लागला की शॉर्ट. निगेटिव्ह सुटलेलं असलं म्हणजे कुठेही लागू दे.”

दहाच्या पान्याने ते टर्मिनल सोडवलं आणि फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. माझ्या गाडीला एअरबॅग नाही म्हणून इतक्यावर भागलं. ज्या गाडीला एअरबॅग आहे तिच्या डॅशबोर्डला घरी हात लावू नये, हे मी कळकळीने सांगते. तिथे स्फोटक द्रव्य असतं.

मग स्टीअरिंग. चाकं सरळ करून मधला नट ढिला केला, पण पूर्ण काढला नाही, चार आटे अडकवून ठेवला. स्टीअरिंग दात्यांवर घट्ट बसलेलं असतं. ओढता ओढता एकदम सुटतं आणि तोंडावर येतं. तो नट त्याला अडवतो. दांड्यावर आणि चक्रावर पांढऱ्या रंगाची एक रेघ आधीच मारून ठेवली, परत बसवताना जुळावी म्हणून. स्क्रूंसाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला होता. डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, एका खळग्यात एक. प्लास्टिकमध्ये रुतणारे टोकदार स्क्रू वेगळे, पत्र्यातल्या नटात जाणारे बोथट वेगळे, आणि एकच लांब स्क्रू, जो चुकून दुसरीकडे लावला तर समोरून टोक बाहेर काढील. संध्याकाळपर्यंत ट्रे भरला, तेव्हा तो सगळ्या कामाचा आराखडा झाला होता, एका दृष्टिक्षेपात वाचता येणारा.

उतरवण्याच्या या क्रमात मला जे कळलं तेच या लेखाचं कारण आहे. कोणता स्क्रू आधी निघेल हे आपण ठरवत नाही. मीटरभोवतीची चौकट निघाल्याखेरीज मीटरचे स्क्रू दिसत नाहीत. मीटर पुढे ओढल्याखेरीज केबल सुटत नाही. केबल सुटल्याखेरीज फळी हलत नाही. कारखान्यात जे शेवटी लागलं ते इथे आधी निघतं. तास दोन तास मी त्या माणसांच्या दिवसातून उलट दिशेने चालत होते. गुडगावच्या कारखान्यातल्या त्या माणसाने १९९६ साली हा स्क्रू कसला, त्याआधी हा कपलर खटकन बसवला, त्याआधी ही वायर या खाचेतून ओढली. कपलर कसा दाबला की सुटतो, हे चार ठिकाणी मला कळेना. मग मी तो बसवताना अंगठा कुठे पडला असेल याचा अंदाज केला, आणि अंगठा तिथे ठेवताच तो सुटला. लेखकाच्या हाताचा असा थेट स्पर्श छापील पुस्तकात मला क्वचितच झाला असेल.

मीटर हातात आलं तेव्हा मी पार्किंगच्या पायरीवर जाऊन बसले. त्याची पाठ पाहिलेली नसेल तर जरूर पाहा. पारदर्शक पातळ पट्टीवर तांब्याच्या रेषा, ठिपक्यांतून वळणं घेत गेलेल्या, रांगोळीसारख्या. प्रत्येक रेषा एका दिव्यापाशी जाऊन थांबलेली. दिव्यांचे होल्डर पाव फेरा फिरवला की हातात येतात. आणि मधोमध एक भोक, त्यात स्पीडोमीटरची केबल बसते. गिअरबॉक्सपासून निघालेली, इंजिनाच्या मागच्या भिंतीतून आत आलेली, आवरणाच्या आत स्वतःभोवती फिरणारी तार. तिचं टोक चौकोनी असतं. केबल चाकाबरोबर फिरते आणि मीटरच्या आतलं चुंबक फिरवते. इथपर्यंत सगळं एकमेकांना घट्ट जोडलेलं आहे. पुढे मात्र जोड तुटतो. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी आहे, काटा तिलाच जोडलेला आहे, आणि चुंबक तिला कुठेही टेकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, हे आपण शाळेत शिकलो. पण चुंबक फिरू लागलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात, त्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं, आणि वाटी चुंबकामागे जायला बघते. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. ओढ आणि आवर जिथे सम होतात, तिथे काटा थांबतो. त्या जागेला आपण ताशी चाळीस म्हणतो.

ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि विसाव्या शतकातल्या बहुतेक गाड्यांचे काटे याच तत्त्वावर हलले. इतकी वर्षं मी वेग बघत आले, आणि बघत होते ती दोन बलांमधली एक तडजोड, स्पर्शाविना झालेली. केबलचं चौकोनी टोक जिथे बसतं त्या जागी मी एक लहान स्क्रू-ड्रायव्हर घालून बोटांनी जोरात फिरवला. काटा थरथरला, जरासा उठला, परत बसला. पाच-सहा वेळा केलं. विद्यार्थ्याने फोन काढून त्याचं चित्रण केलं. त्यालाही हे आवडलं असावं, कारण तो कबूल केल्यापेक्षा अर्धा तास जास्त थांबला.

किलोमीटरची चाकं त्याच केबलवर चालतात. एक चाक दहा पावलं चाललं की शेजारचं एक पाऊल टाकतं. अंतर मोजायची ही कल्पना फार जुनी आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने वर्णन केलेल्या गाडीत दर मैलाला एक गोटा भांड्यात पडे, आणि संध्याकाळी गोटे मोजायचे. माझ्या मीटरवर ८७ हजारांच्या पुढचा आकडा होता. कुर्ल्याच्या डॅशबोर्डबरोबर त्याचं मीटरही मिळत होतं, काच जास्त स्वच्छ होती. ते मी घेतलं नाही. फळी बदलता येते, पण गाडी जितकी चालली तितकंच तिने सांगितलं पाहिजे.

मागे राहिलं वायरिंग. वायरीला एक मूळ रंग असतो आणि त्यावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ. लुगड्याला काठ असतो तशी. हिरव्यावर पिवळा काठ, लालवर काळा काठ. काठ ओळखला की ती वायर कुठल्या घरची आहे ते कळतं, मग ती जुडग्यात कुठेही बुडाली तरी पलीकडे पुन्हा ओळखू येते. कारखान्याने बांधलेलं जुडगं आवरणात नीट गुंडाळलेलं, प्रत्येक फांदी मोजून सोडलेली, आपल्या सॉकेटपाशी आली की संपणारी. त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

पण त्यावर इतरांचे हात फिरले होते. टेप बसवणाऱ्याने एक लाल वायर सोलून दुसरी पिळून लावली होती आणि वर काळी टेप, जी उन्हाने पाघळून चिकट झाली होती. पुढे कुणी चोरघंटी लावली, कुणी धुक्याचे दिवे. घंटी गेली, दिवे गेले, त्यांच्या वायरी राहिल्या. काठ नसलेल्या, कुठूनही येऊन कुठेच न जाणाऱ्या. त्यांकडे पाहताना मला पैठण आठवलं. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हस्तलिखितांत शिरलेले अपपाठ बाजूला काढले. नाथांच्या कामाचं नाव इथे घेताना संकोच वाटतो, पण प्रत शुद्ध करण्याची रीत लहान कामातही तीच असते, हे त्या दुपारी कळलं. आधी मूळची भाषा कानात पक्की बसवायची. मग जो शब्द त्या भाषेचा नाही तो आपोआप खटकतो. खटकला म्हणून लगेच कापायचा नाही. तो कुठून येतो आणि कुठे जातो ते शेवटपर्यंत शोधायचं. एक निळी वायर मी जवळजवळ कापली होती. शेवटपर्यंत गेले, तर ती हॉर्नची निघाली. मूळची झिजल्यावर कुणा जाणत्याने नवी ओढली होती, जोड डाखाने भरलेला आणि वर नळी चढवलेली. ते काम मूळच्या तोडीचं होतं. ती वायर ठेवली. बाकीच्या नऊ काढल्या.

फळी उचलली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा हलकी होती. दोघांनी धरून दारातून तिरकी बाहेर काढली. आता आत फक्त पत्रा, लोंबणाऱ्या वायरी, हवेची पेटी आणि समोर उघडी काच. डावीकडे जिथे तो उघडा खण असे, ज्यात नकाशे, चष्मे, टोलच्या पावत्या, पेरू, मुलांच्या पेन्सिली राहत, तिथे मोकळी जागा. गाडीला चेहरा नव्हता.

दुरुस्तीच्या पुस्तकांत उतरवण्याची कृती पानभर असते आणि बसवण्याबद्दल बहुधा एवढंच, की हेच उलट क्रमाने करा. तसं ते होत नाही. उतरवताना वायर सुटते आणि आपल्या जडपणाने खाली पडते. बसवताना तिला वर बोलवावं लागतं. फळी जागेवर टेकण्याआधी प्रत्येक कपलर आपल्या खिडकीतून बाहेर आलेला हवा, नाहीतर पुन्हा सगळं काढा. मी प्रत्येक टोकाला दोरा बांधून तो खिडकीतून ओढून ठेवला होता. केबलला गिरकी पडता कामा नये, नाहीतर काटा कायम थरथरतो. आणि बोल्ट सगळे आधी दोन-दोन आट्यांवर सोडून द्यायचे. एक जरी पुरता कसला, तर पलीकडच्या टोकाचं भोक जुळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात मी उजव्या टोकाची एक क्लिप घाईने दाबली आणि ती तुटली. प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी थांबले नाही. बाकीच्या क्लिपा दुपारी, ऊन पार्किंगच्या तोंडाशी आल्यावर, गाडी उन्हात ढकलून बसवल्या. त्या मऊपणे, एकेक टक् असा आवाज करत बसल्या.

अंधार पडता पडता बॅटरी जोडली. चावी फिरवली तेव्हा पेट्रोलचा काटा सावकाश चढला. दिव्याचं बटण ओढल्यावर मीटर उजळलं, तांब्याच्या त्या रेषा आता माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. नव्या फळीवरही मधोमध एक गोल डाग होता, आधीच्या गाडीतल्या कुठल्यातरी देवाचा. गणपती तिथेच ठेवला.

मग गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर मुद्दाम जरा वेगाने घेतली. पूर्वी तिथे सगळी फळी खुळखुळायची. आता फक्त उजवीकडून, काचेच्या खांबापाशी, एकच बारीक टक् ऐकू आली. वरून तिसरी क्लिप.